समुद्र नसलेल्या जिल्ह्यातलं खारं पाणी

भूगोलाच्या तासाला खाडी, खाजण, कांदळवन हे शब्द आले की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शिक्षकाची जरा पंचाईत होते. वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. पाहिला असेल तर टीव्हीवर, नाहीतर मुंबईला राहणाऱ्या काकाच्या मोबाइलवर. सरळ रेषेत मोजलं तरी समुद्र आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. मग आपण फळ्यावर एक वाकडी रेघ काढतो, तिच्या एका बाजूला 'समुद्र' लिहितो, दुसऱ्या बाजूला 'जमीन' लिहितो आणि मधल्या पट्टीत चिखल, खेकडे, तिवरं वगैरे भरून टाकतो. मुलं वहीत उतरवून घेतात. परीक्षेत लिहितातही. पण कळलं का, असं विचारलं तर बहुतेकदा नाही.

शिक्षक मित्रहो, हा पाठ आपल्याकडं जरा उलट्या बाजूनं सुरू करून पाहा. समुद्र नाही, पण खारं पाणी आपल्याकडं आहे आणि तेही एका ठिकाणी नव्हे, दोन ठिकाणी. एक जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लोणारचं सरोवर. दुसरं उत्तरेला, पूर्णा नदीच्या काठचा खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या शाळेत 'खारं पाणी कुठं असतं?' असा प्रश्न टाकलात तर समुद्राच्या आधी "आमच्या बोअरला बी खारंच पाणी हाये ना सर" असं उत्तर येईल. ते उत्तर चूक नाही. तिथूनच धागा धरायचा.

पालकांनीही हे वाचावं असं वाटतं, कारण यातले निम्मे प्रयोग स्वयंपाकघरातच होतात.

आधी शब्द

भाषेच्या तासाला जोडून घेता येईल असा हा भाग आहे. संस्कृतात मिठाला 'लवण' म्हणतात. त्याचं मराठीत 'लोण' झालं. 'लोणचं' त्यातूनच आलं. 'अळणी' हा शब्द मुलांना फोडून दाखवा : अ-लवण, म्हणजे मीठ नसलेलं. मग 'लोणार' हे गावाचं नाव कुठून आलं हे मुलं आपणहून सांगतात. (कुणीतरी हमखास 'लोणी' म्हणेल. ते या घरातलं नाही, ते 'नवनीत'पासून आलेलं आहे. पण विचारणाऱ्याला शाबासकी द्यायला हरकत नाही.)

लोणारची जुनी कथा लवणासुराची आहे. तो जमिनीच्या पोटात राहायचा, लोकांना छळायचा, विष्णूनं त्याला मारलं, आणि जिथं तो लपला होता तिथं हा खड्डा झाला. गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर त्याच कथेशी जोडलेलं आहे. काही शिक्षक विज्ञान शिकवताना ही कथा घाईनं झटकून टाकतात. मला ते पटत नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी तीन गोष्टी नेमक्या हेरल्या होत्या : हा खड्डा साधा नाही, इथं काहीतरी भयंकर घडलं आहे, आणि इथलं पाणी खारं आहे. कारण त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं, आपण आपल्या भाषेत सांगू.

खाडीकाठ थोडक्यात

समुद्राच्या खाऱ्या दलदलीबद्दल मुलांना एवढं माहीत असलं तरी पुरे : नदी जिथं समुद्राला मिळते तिथं गोडं आणि खारं पाणी मिसळतं. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते, त्यामुळं तिथली जमीन दोनदा बुडते आणि दोनदा उघडी पडते. चिखलात हवा कमी, मीठ जास्त. सगळ्यांना तिथं जगता येत नाही, पण ज्यांनी युक्ती शोधली त्यांची चंगळ असते. तिवराचं झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, पानाला जीभ लावली तर खारट लागते. निवटी नावाचा मासा चिखलावर चालतो. मोरसची मांसल पानं मीठ साठवून ठेवतात आणि किनाऱ्यावरचे लोक तिची भाजी करतात. ठाण्याच्या खाडीत हजारोंनी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात ते या चिखलातल्या खाण्यासाठीच.

आता मुलांना विचारा : मीठ जास्त, हवा कमी, सगळ्यांना जगता येत नाही, पण ज्यांना येतं त्यांची चंगळ. अशी जागा समुद्राशिवाय असू शकेल का?

दगडातला वाडगा

लोणारचा खड्डा काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावरून पाण्यापर्यंतचा उतार सुमारे १३५ ते १४० मीटर, म्हणजे चाळीसएक मजल्यांची इमारत आत उभी करावी एवढा. तळाशी जे पाणी आहे त्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर. काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा थोडा उचललेला आहे. चिखलात दगड मारल्यावर खड्ड्याभोवती कशी कड उठते, तशी. हा प्रयोग मैदानात ओल्या मातीवर करून दाखवा, मुलं विसरत नाहीत.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. त्यानंतर बराच काळ अभ्यासकांना वाटत होतं की हे ज्वालामुखीचं तोंड असावं. आपला सगळा मुलूखच ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, तेव्हा तसं वाटणं स्वाभाविक होतं. १९७३ मध्ये संशोधकांनी इथल्या दगडांत प्रचंड धक्क्यानं काच झालेली खनिजं दाखवून दिली. असा धक्का ज्वालामुखीतून बसत नाही, तो आकाशातून आलेल्या अशनीच्या आघातानंच बसतो. काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, झालेले असे आघाताचे खड्डे पृथ्वीवर फार थोडे आहेत. त्यातही लोणार चांगलं टिकलेलं. मंगळावरचा पृष्ठभागही बेसॉल्टचाच असल्यामुळं मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात.

वय किती? इथं मुलांना दोन आकडे सांगा आणि दोन्ही फळ्यावर राहू द्या. एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे ५२,००० वर्षं, दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५,७०,००० वर्षं. दहापटीहून जास्त फरक! "मग खरं कोणतं?" हा प्रश्न येणारच. नव्या मोजणीचा कल मोठ्या आकड्याकडं आहे, असं सांगून पुढं जावं. पुस्तकातला आकडा बदलू शकतो हे मुलांना एकदा तरी दिसायला हवं.

पाणी खारं का झालं?

हाच या पाठाचा गाभा आहे, त्यामुळं इथं वेळ द्या.

समुद्राचं पाणी इथं कधी आलेलं नाही. मग मीठ कुठून? उत्तर आहे : दगडातून आणि पावसातून, थोडं थोडं करून. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. असं पाणी काळ्या दगडावरून, भेगांतून झिरपताना त्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून आणतं. आपल्या प्रत्येक नदीत हे होतं. पण नदी ते वाहून नेते. लोणारचं सरोवर मात्र वाडगा आहे. झरे आत येतात, पाऊस आत पडतो, बाहेर जायला एकही ओढा नाही. पाणी जातं ते मुख्यतः वाफ होऊन. वाफ काही मीठ नेत नाही. हजारो वर्षं हा हिशेब चालू राहिला : पाणी आलं आणि गेलं, मीठ आलं आणि राहिलं.

वर्गातला प्रयोग : दोन ताटल्या घ्या. एकीला तळाशी बारीक भोक पाडा. दोन्हींत रोज कपभर पाणी घाला, त्यात चिमूटभर मीठ. मार्च-एप्रिलच्या उन्हात खिडकीत ठेवा. आठ-दहा दिवसांत बिनभोकाच्या ताटलीत पांढरी कड दिसायला लागते. भोकाची ताटली म्हणजे पूर्णा, पैनगंगा. बिनभोकाची ताटली म्हणजे लोणार.

पण इथं एक बारकावा आहे, आणि तो पुष्कळदा सुटतो. लोणारचं पाणी नुसतं खारट नाही, ते क्षारयुक्त आहे. समुद्रात मुख्यतः साधं मीठ असतं, एका लिटरमध्ये सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम. लोणारच्या पाण्यात साध्या मिठासोबत सोडा आहे, धुण्याच्या आणि खायच्या सोड्याच्या जातीचा. का? पाणी आटायला लागलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी चुन्यासारखे खाली बसतात. पाणी उकळण्याच्या पातेल्याला पांढरा थर धरतो, तेच. ते निघून गेले की मागं सोडियम उरतं आणि त्याच्या जोडीला कार्बोनेट. तोच सोडा. म्हणून समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास, तर लोणारचा १० च्या आसपास. सामूचा एक अंक म्हणजे दहापट, दोन अंक म्हणजे शंभरपट. हे मुलांना नुसतं सांगून कळत नाही, म्हणून हळद आणा.

चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर लावा, सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. तीन वाट्यांत पाणी घ्या. एकीत साधं मीठ, दुसरीत खायचा सोडा, तिसरीत धुण्याचा सोडा विरघळवा. धुण्याच्या सोड्याला मुलांनी हात लावू नये, ती वाटी तुम्हीच धरा. मिठाच्या पाण्यात पट्टी पिवळीच राहते, कितीही मीठ घाला. खायच्या सोड्यात ती जराशी नारिंगी होते. धुण्याच्या सोड्यात लालभडक. मग त्या लाल पट्टीवर लिंबू पिळा, परत पिवळी! लग्नातल्या हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो हे प्रत्येक आईला माहीत आहे. उन्हाळ्यात पापड करताना पापडखार घातल्यावर पिठातली हळद लालसर होते, तेही त्याच कारणानं. खारट आणि क्षारयुक्त यांतला फरक एवढ्यात समजतो आणि जन्मभर लक्षात राहतो.

हा सोडा आपल्या जुन्या लोकांना चांगला ठाऊक होता. 'आइन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे तो काच आणि साबण करायला लागणाऱ्या पदार्थांसाठी. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की काठावर सोड्याचे थर उघडे पडत. ते गोळा करून त्यांची प्रतवारी लावत. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची नावं होती. बांगड्यांची काच, साबण यांसाठी तो माल जाई. कोकणात मिठागर असतं, तसंच हे आपलं सोड्याचं आगर म्हणा. ही नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला मुलांना सांगा. लोणार, मेहकर भागात एखाद्या आजोबांच्या तोंडून त्यातलं एखादं नाव अजून निघूही शकेल.

इथं राहतं तरी कोण?

सोड्याच्या पाण्यात मासे जगत नाहीत, तिवरं वाढत नाहीत, बेडूक अंडी घालत नाही. तरी हे पाणी मेलेलं नाही. उन्हाळ्यात काठावर उभं राहिलं की पाणी गडद हिरवं दिसतं, आणि वास येतो, सडका, अंड्यासारखा. मुलं नाक धरतात. तो वास तळाच्या बिनहवेच्या चिखलात काम करणाऱ्या जिवाणूंचा आहे, खाडीच्या चिखलालाही असाच वास असतो. आणि तो हिरवा रंग सूक्ष्म नीलहरित जिवाणूंचा. त्यात स्पिरुलिनाही आहे, ज्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानात 'पौष्टिक' म्हणून मिळतात. भरपूर ऊन, भरपूर सोडा, खाणारे मासे नाहीत, त्यामुळं ते बेसुमार वाढतं. त्यावर बारीक कीटक आणि त्यांच्या अळ्या, आणि त्यावर पक्षी. साखळी एवढी आखूड असल्यानं मुलांना फळ्यावर काढायला सोपी जाते. खाडीची साखळी याच्या शेजारी काढा. तिथं गाळ, किडे, खेकडे, मासे, बगळे अशा पुष्कळ कड्या येतात. कड्या कमी असल्या की एक तुटल्यावर काय होईल, हे मुलांना आपोआप दिसतं.

थंडीत गेलात तर काठाच्या उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे चालताना दिसतात. टिबुकल्या बुड्या मारतात, टिटव्या आरडाओरडा करतात. पाहुण्यांपैकी चक्रवाक, थापट्या. रोहित पक्षीही अधूनमधून उतरतात. वर उतारावर मोर भरपूर, वानरांच्या टोळ्या (डबा सांभाळा), घोरपडी. लोणारला २०२० मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्या वेळच्या नोंदीत पक्ष्यांच्या १६०, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ आणि सस्तन प्राण्यांच्या १२ जाती दिलेल्या आहेत. त्यात लांडगाही आहे. अशाच यादीत नाशिकचं नांदूर मधमेश्वर आहे, आणि २०२२ पासून ठाण्याची खाडीही आहे. म्हणजे फळ्यावर काढलेली ती खाडी आणि आपलं लोणार एकाच यादीतली भावंडं. 'रामसर' हे इराणमधल्या गावाचं नाव. तिथं २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो.

पाण्यापासून वर चढत गेलं की झाडं कशी बदलतात हे बघण्यासारखं आहे. अगदी काठाला पांढरट, उघडा चिखल, तिथं जवळपास काहीच नाही. मग वेडी बाभूळ, तिनं काठावर हातपाय पसरले आहेत आणि ती जुनी डोकेदुखी आहे. मग बाभूळ, चिंच, सीताफळ, आणि उतारावर साग. वाडग्याच्या कडेकडेनं एकात एक बसवलेल्या बांगड्यांसारखे हे पट्टे आहेत. पाण्यापासूनचं अंतर आणि जमिनीतला क्षार यानुसार झाडं ठरतात. खाडीकाठी भरतीच्या रेषेप्रमाणं असेच पट्टे असतात.

आणि या सगळ्या खारेपणाच्या ऐन शेजारी गोडं पाणी आहे! धारेचं पाणी बाराही महिने वाहतं आणि गोड आहे. भाविक तिथं आंघोळ करतात. खाली कमळजादेवीच्या मंदिराजवळ 'सासू-सुनेची विहीर' सांगतात, एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट. नावातली गंमत मुलांना कळतेच. पण कारणही सांगा : डोंगराच्या बाजूनं झिरपणारं पाणी गोड, सरोवराच्या बाजूचं खारं, आणि खारं पाणी जड असल्यामुळं दोन्ही चटकन मिसळत नाहीत. कोकणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याच्या विहिरी असतात, त्याचं कारणही हेच. फार उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं.

गुलाबी झालेलं वर्ष

जून २०२० मध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, लोणारचं पाणी गुलाबी झालं. मोबाइलवर फोटो फिरले, कुणी शकुन म्हटलं, कुणी अपशकुन, कुणी प्रदूषण. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव सापडले, जे गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पाणी खूप आटलं होतं, त्यामुळं क्षार वाढले, आणि ज्यांना जास्तीत जास्त क्षार आवडतो त्यांची चलती झाली. पावसाळ्यात पाणी वाढलं, रंग गेला. मिठागरांतही उन्हाळ्यात शेवटच्या वाफ्यांत पाणी असंच गुलाबी होतं. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंगही त्याच्या खाण्यातल्या अशाच रंगद्रव्यांमुळं असतो, तो अंड्यातून राखाडी रंगाचा बाहेर येतो.

ही घटना शिकवायला फार उपयोगी आहे, कारण तिच्यातून लोणारचा श्वास कळतो. खाडी दिवसातून दोनदा श्वास घेते. लोणार वर्षातून एकदा : पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात आटतं. भरलं की क्षार पातळ, आटलं की दाट. त्याप्रमाणं पाण्यातले जीव बदलतात, आणि त्यांना खाणारेही.

गोड झालं तर बिघडलं काय?

इथं वर्गात चर्चा घडवा, कारण इथं मोठ्यांचीही गफलत होते. "खारं पाणी गोड झालं तर चांगलंच की!" असं आपल्याला वाटतं. आयुष्यभर आपण गोड्या पाण्यासाठी धडपडतो, त्यामुळं ते साहजिकच आहे. पण लोणारच्या बाबतीत पाणी गोड होणं म्हणजे ते मरणं. इथली सगळी साखळी सोड्यावर उभी आहे. सोडा पातळ झाला की सामू उतरतो, मग नेहमीच्या तळ्यातले जीव आत शिरतात, आणि हजारो वर्षांत इथं जे विशेष सूक्ष्मजीव टिकले ते मागं पडतात. मग उरेल एक साधं तळं, आणि तळी आपल्याकडं पुष्कळ आहेत.

२०२० नंतरच्या वर्षांत सरोवराचं पाणी वाढत गेलं आणि ते कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत आल्याच्या बातम्या आपण वाचल्या. वाडग्यात येणारं गोडं पाणी वाढलं की असं होणार. त्यात गावाचं सांडपाणी, धारेवरच्या आंघोळीचा साबण, आजूबाजूच्या शेतांतून उतरणारं खत यांची भर. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसनं शेवाळ फुगतं आणि जुना तोल ढळतो. वाडग्याला बाहेर जायचा रस्ता नाही, म्हणून मीठ साठलं. त्याच कारणानं घाणही साठते. बिनभोकाच्या ताटलीत मीठ घातलं होतं, आता त्यात चिमूटभर साबण घाला आणि मुलांना विचारा, हा कुठं जाणार?

आणि तिकडं उत्तरेला

लोणारचा खारेपणा ठेवा आहे, पण पूर्णाकाठचा खारेपणा संकट आहे. दोन्ही एकाच जिल्ह्यात, हे मुलांनी समजून घ्यायला हवं, नाहीतर 'खारं पाणी वाचवा' असं घोषवाक्य खारपाणपट्ट्यातल्या पोरीला ऐकवणं म्हणजे थट्टा होईल. तिच्या आईनं पिण्याच्या पाण्यासाठी किती हंडे वाहिले असतील ते तिला ठाऊक आहे.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर पसरलेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचून तयार झालेल्या खोलगट भागात नद्यांनी गाळ भरला. चिकणमाती जाड, उतार कमी, पाऊस बेताचा. पाण्याचा निचरा होत नाही आणि उन्हानं पाणी वर ओढलं जातं, सोबत क्षारही. लोणारचाच नियम, फक्त वाडगा पसरट आणि पाणी जमिनीखाली. हे पाणी पिकाला दिलं तर जमीन चोपण होते : सोडियममुळं मातीचे कण सुटे होऊन चिकटतात, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. म्हणून विहिरीत पाणी असूनही इथली शेती पावसावर. खरिपात कापूस, तूर, मूग, आणि पावसाळ्यानंतर जमिनीतल्या ओलीवर हरभरा. शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी साठवणं हा इथला सर्वांत कामाचा उपाय, आणि जमीन सुधारायला जिप्सम, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. पिण्याचं पाणी सातपुड्यातल्या वान धरणातून नळानं आणावं लागतं, ते पोचत नाही तिथं खाऱ्या पाण्यावर भागवावं लागतं. या गावांतला मूत्रपिंडाचा आजार हा काही पुस्तकातला विषय नाही, वर्गातल्या कुणाच्या तरी घरात तो असतो. म्हणून हा भाग जपून शिकवा. उदाहरण म्हणून कुणाच्या घरचं नाव घेऊ नका.

मुलांना घरच्या पाण्याचा तक्ता करायला लावा : विहीर, बोअर, नळ, शेततळं. प्रत्येकाची चव, साबणाला फेस येतो की नाही, भांड्याला थर धरतो की नाही, हळदीच्या पट्टीचा रंग. लोणार-मेहकरची शाळा आणि शेगाव-संग्रामपूरची शाळा यांनी असे तक्ते एकमेकांना पाठवले तर काय बहार येईल. ओळखीचे शिक्षक असतील तर एका फोनचं काम आहे.

सहल काढणार असाल तर

डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. उन्हं चढली की पक्षी आत जातात आणि मुलं दमतात. आधी काठावरून फेरी मारून पूर्ण वाडगा दाखवा, मगच खाली उतरवा. खाली गेल्यावर आकार कळत नाही. पाण्याचा काठ मऊ असतो, गाळात पाय रुततो, म्हणून पाण्यात कुणालाही सोडू नका. हे अभयारण्य आहे, तेव्हा दगड, पाणी, पिसं काहीही घरी आणायचं नाही. हळदीची पट्टी बुडवायची असेल तर वनखात्याच्या माणसाला किंवा गाइडला आधी विचारा, आणि वापरलेली पट्टी खिशात परत. पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं, बाटल्या परत आणायच्या, येताना बाटल्या मोजून घ्या. गावात दैत्यसूदनाचं मंदिर बघायला अर्धा तास ठेवा. वेळ उरला तर मोठा मारुतीही आणि अंबर तळंही. अंबर तळं मोठ्या खड्ड्यापासून जवळच आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला तीन प्रश्न लिहून आणायला सांगा. मुलांचे प्रश्न आपल्या प्रश्नांपेक्षा बरे असतात. एक प्रश्न दरवर्षी येतो : "सर, मासे नाहीत तर बगळा तिथं काय खाते?" त्याचं उत्तर गाडीत देऊ नका. खाली उतरल्यावर बगळा कुठं उभा आहे ते पाहायला सांगा. तो बहुतेक वेळा सरोवराच्या मध्यात नसतो, धारेचं गोडं पाणी जिथं सरोवराला मिळतं तिथं असतो.